टेक्निशियनचा मोबाईल राउटरपाशी, माझा लॅपटॉप पाण्याच्या पिंपामागे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत राहते आणि घरी बसून नऊ छोट्या टॉवेल कारखान्यांचे जीएसटी रिटर्न भरून देते. हे पत्र स्लो इंटरनेटबद्दल आहे, पण नुसती नेट कंपनीची तक्रार करायला लिहीत नाहीये. गेल्या दिवाळीपासून आमच्या आसपासच्या पाच-सहा घरांत एकच प्रकार झाला, जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स टाकलं, नेट स्लो झालं, मग कोणीतरी येऊन छातीठोकपणे सांगितलं की लिनक्सला नेट सपोर्ट करत नाही, आणि झालं, दोन घरांनी हप्त्यावर नवीन लॅपटॉप घेतला आणि एका घरात पोराने परत जुनं विंडोज टाकून घेतलं ज्याचे नेहमीचे अपडेट आता बंद झालेत. त्यातल्या एका घरात बाई दिवसभर विड्या वळते आणि नवरा यंत्रमागावर आहे, त्यांच्या घरात तो हप्ता म्हणजे काय असतो हे मला माहितीये. म्हणून राहवलं नाही.

आधी माझं काय झालं ते सांगते. माझा लॅपटॉप २०१६ सालचा, प्रोसेसर सहाव्या पिढीचा, रॅम ४ जीबी. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ टाकायचं म्हणलं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, म्हणजे माझा लॅपटॉप त्यात बसतच नव्हता. लॅपटॉप मात्र धडधाकट होता, कीबोर्ड चांगला, स्क्रीन चांगली. भाचा पुण्याला शिकायला असतो, तो दिवाळीला आला आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी बसून त्याने लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकून दिलं. पेनड्राइव्हवरून, तासाभरात. फुकट आहे, त्याच्या २२ नंबरच्या सिरीजला २०२९ पर्यंत अपडेट मिळणारेत, आणि जो लॅपटॉप चालू करून मी चहा ठेवायला जायचे तो आता मिनिटभरात तयार असतो. हिशोबाच्या शीट लिब्रेऑफिस या एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडतात. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाही हे खरंय, पण टॅली त्या कारखान्यांच्या कॉम्प्युटरवर असतं, मला फक्त आकडे येतात आणि मी वेबसाईटवर रिटर्न भरते, ओटीपीने सबमिट करते, तेवढ्याला ब्राउझर पुरतो. ज्याचं सगळं काम टॅलीवर आहे त्याने आधी विचार करून मगच लिनक्सकडे यावं, हे मी सगळ्यांना सांगते.

मग आली नोव्हेंबरची ११ तारीख. जीएसटीआर-१ भरायची शेवटची तारीख. सकाळी साडेनऊला बसले तर पान उघडायला दोन-दोन मिनिटं, अर्धं पान येतं आणि गोल फिरत राहतं, ओटीपी मोबाईलवर येतो पण तो टाकायची चौकट येईपर्यंत त्याची वेळ संपलेली. दुपारी दोनपर्यंत नऊपैकी तीन झाले. मला वाटलं वेबसाईटवरच गर्दी असेल, पण दुसरी पानं उघडून बघितली तर तीही तशीच रखडत होती, साधी बातमीसुद्धा उघडेना. आमचा प्लॅन ५० एमबीपीएस वेगाचा आहे. स्पीड टेस्ट लावली, ३.८ आली. परत लावली, २.९. शेवटी त्या दिवशी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडून रात्री पावणेअकराला शेवटचं रिटर्न गेलं. उशीर झाला असता तर त्या लोकांनी मला काही बोललं नसतं, चांगली माणसं आहेत, पण त्यांचं काम माझ्या भरवशावर असतं.

दुसऱ्या दिवशी नेट कंपनीचा टेक्निशियन आला. पोरगा चांगला होता, वेळेवर आला, बूट बाहेर काढले. राउटर आमच्या पुढच्या खोलीत आहे, त्याच्यासमोर उभा राहून त्याने स्वतःच्या मोबाईलवर टेस्ट लावली, ४८ आली. मला दाखवली आणि म्हणाला, "नेट एकदम ओके आहे ताई, तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे ना, त्याला सपोर्ट नसतो." पाच मिनिटांत गेला. मग मी लॅपटॉप घेऊन नवी पेठेच्या बाजूला एका दुकानात गेले, तिथेही तेच उत्तर, वर नवीन लॅपटॉपचे तीन भाव लिहिलेला कागद हातात. मला त्या दोघांचा राग नाही आला, पण वाईट वाटलं, कारण दोघांपैकी एकानेही लॅपटॉप उघडून बघितला नव्हता.

घरी सासरे आहेत, वय ७८, आयुष्य मागावर गेलं त्यांचं. मी हे सगळं बोलून दाखवलं तर म्हणाले, माग थांबला की जॉबर आधी काय बघतो, धोट्यातली कांडी संपली का बीमाची तार तुटली, का पट्टा सुटला. कुठे थांबलं ते कळल्याशिवाय हात लावत नाही. तू आधी कुठे थांबलंय ते बघ. त्यांना नेटमधलं ओ का ठो कळत नाही, पण पुढचे चार दिवस मी जे केलं ते ह्या एका वाक्यावर केलं.

नेट लॅपटॉपपर्यंत येताना दोन टप्पे असतात. एक बाहेरून फायबरने राउटरपर्यंत, दुसरा राउटरपासून लॅपटॉपपर्यंत हवेतून. टेक्निशियनने पहिला टप्पा तपासला होता आणि तो चांगला होता. दुसरा कोणी बघितलाच नव्हता. भाच्याला फोन लावला तर तो पहिलं वाक्य बोलला, "आत्या, वायफाय बाजूला ठेव, केबल लाव." शेजारच्या अण्णांकडून लॅनची केबल आणली, राउटरच्या मागे एक टोक, लॅपटॉपला दुसरं, वायफाय बंद केलं आणि टेस्ट लावली. ४७. त्याच लॅपटॉपवर, त्याच लिनक्सवर, ४७! लिनक्सला नेट सपोर्ट करत नाही हा विषय तिथेच संपला. साहेब, ही एक केबल दीडशे-दोनशे रुपयांना मिळते आणि तपासायला पाच मिनिटं लागतात, आणि माझ्या मते स्लो नेटची तक्रार असलेल्या प्रत्येक घरात सगळ्यात आधी हीच तपासणी झाली पाहिजे, लॅपटॉपवर काहीही असो.

एक गोष्ट केबलच्या बाबतीत लक्षात ठेवा, तिच्या आत आठ तारा असतात, चार जोड्या, आणि एखादी जोडी तुटलेली असली तर कधी कधी केबल चालते पण वेग १००च्या वर जात नाही. आमच्यासारख्या ५०च्या प्लॅनला त्याने फरक पडत नाही, पण २००चा प्लॅन घेऊन केबलवर ९४-९५च दिसत असेल तर आधी केबल बदलून बघा.

आता मोबाईलवर ४८ आणि लॅपटॉपवर ३, हे कसं काय? हल्लीचा राउटर दोन नावं दाखवतो, एक साधं आणि एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं. त्या ५जीचा मोबाईलच्या ५जीशी काही संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झ आहे, दुसरं २.४ गिगाहर्ट्झ. ५वाल्याचा वेग जास्त पण भिंतीपलीकडे त्याचा दम जातो, २.४वालं लांब जातं पण तिथे गर्दी फार. टेक्निशियनचा मोबाईल ५वर होता आणि राउटरपासून दोन हातावर. माझ्या जुन्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड फक्त २.४चं आहे, एकाच अँटेनाचं, त्याचा कागदावरचा वेगच ७२ आहे आणि प्रत्यक्षात ३५-४० मिळालं तर भरपूर. म्हणजे ४८ मला वायफायवर मिळणारच नव्हतं, हे कोणी सांगितलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण ३५च्या जागी ३ का, हा प्रश्न राहतोच.

मग पिंग. हे सगळ्यांनी शिकावं असं आहे, लई सोपं आहे. लिनक्समध्ये टर्मिनल नावाची काळी खिडकी असते, ती उघडून पिंग असं इंग्रजीत लिहायचं, मग एक जागा सोडून राउटरचा पत्ता, बऱ्याच घरात तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, नेटवर्कच्या माहितीत गेटवे किंवा डिफॉल्ट रूट म्हणून दिसतो. एंटर दाबलं की लॅपटॉप दर सेकंदाला राउटरला हाक मारतो आणि ओ यायला किती मिलिसेकंद लागले ते लिहितो, कंट्रोल आणि सी दाबलं की थांबतो. घरातल्या घरात ती ओ २ ते ५ मिलिसेकंदात यायला पाहिजे. माझ्याकडे ३ आलं, मग २४०, मग ४, मग ६१०, मग एक हाक वायाच गेली. बाहेरच्या इंटरनेटचा इथे काही संबंध नाही बघा, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक पोचत नव्हती.

भाचा म्हणाला आकडे असे वरखाली होतायत म्हणजे वायफाय कार्ड मध्ये मध्ये झोपतंय. बॅटरी वाचवायला कार्डला डुलकी घ्यायची सोय असते, पॉवर सेव्हिंग, बऱ्याच कार्डांना त्याचा त्रास होत नाही पण काही जुन्या कार्डांचं आणि त्यांना चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, म्हणजे ड्रायव्हरचं, त्यात जमत नाही आणि राउटरचा निरोप आला तरी कार्ड जागं व्हायला वेळ लावतं. लिनक्स मिंट आणि उबंटू या लिनक्सच्या दोन्ही प्रकारांत ही सोय सुरुवातीपासून चालू असते. ती ज्या फाईलमध्ये लिहिलीय ती फाईल मी स्वतः उघडली. ईटीसी नावाच्या फोल्डरात नेटवर्कमॅनेजर, त्याच्या आत कॉन्फ डॉट डी, तिथे डिफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन अशा नावाची फाईल. आत मोजून दोन ओळी, आणि दुसऱ्या ओळीत वायफाय पॉवरसेव्ह बरोबर ३. तीन म्हणजे चालू, दोन म्हणजे बंद. ३ खोडून २ लिहिलं, पासवर्ड देऊन सेव्ह केलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. पिंग लावलं तर ३, ४, ३, ३, ५, ३, वीसच्या वीस. स्पीड टेस्ट १९.

मी तेव्हा बराच वेळ ती फाईल बघत बसले होते. आकडा एकच होता, आणि तो माझ्यापासून कोणी लपवून ठेवला नव्हता. ओपन सोर्स ओपन सोर्स म्हणतात ते काय ते मला त्या दिवशी कळलं. बॅटरी थोडी लवकर उतरते आता, पण माझा लॅपटॉप तसाही चार्जरलाच जोडलेला असतो.

१९वर थांबले असते तरी काम झालं असतं पण आता मला पूर्ण छडा लावायचा होता. एक खोड अजून राहिली होती, नवीन वेबसाईट उघडताना चार-पाच सेकंद नुसतं शांत, आणि मग एकदम सगळं पान येतं, आणि एकदा सुरू झालं की व्हिडिओसुद्धा न अडकता चालतो. हे लक्षण ओळखून ठेवा. वेग कमी असेल तर सगळंच रडत रडत चालतं, पण सुरुवातीलाच अडखळून नंतर सुसाट जात असेल तर बहुतेक डीएनएसचा घोळ असतो. डीएनएस म्हणजे वेबसाईटच्या नावावरून तिचा आकड्यातला पत्ता सांगणारी वही, ती साधारणपणे नेट कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि आमच्या कंपनीचा तो सर्व्हर दमलेला होता. लिनक्स मिंटमध्ये नेटवर्क सेटिंगमध्ये आपल्या वायफायच्या नावापुढचं चक्र दाबायचं, आयपीव्ही४च्या पानावर डीएनएसचं ऑटोमॅटिक बंद करायचं आणि १.१.१.१ आणि ८.८.८.८ लिहायचं. पहिला क्लाउडफ्लेअरचा, दुसरा गुगलचा, दोन्ही फुकट आणि सगळ्यांना खुले. आयपीव्ही६च्या पानावरही ऑटोमॅटिक बंद करायला विसरू नका, मी विसरले होते आणि लॅपटॉप परत जुन्या वहीलाच विचारत होता, त्यात अर्धा दिवस गेला. फक्त एवढं ध्यानात ठेवा की मग तुम्ही कुठकुठल्या वेबसाईटचा पत्ता विचारला हे त्या कंपन्यांनाही कळतं, आधी ते फक्त नेट कंपनीला कळत होतं. हे ज्याला पटत नसेल त्याने नेट कंपनीकडे तक्रार करून त्यांचाच सर्व्हर नीट करून घ्यावा.

यापुढचं सगळं घराच्या आतलं आहे आणि ते सोलापूरच्या सगळ्या बायकांनी वाचावं असं मला वाटतं. आपल्याकडे पाणी काही रोज येत नाही, त्यामुळे घरात साठवण असतेच, पिंप, टाकी, घागरी, स्टीलचे डबे. आमच्या पुढच्या खोलीत राउटर कोपऱ्यात खाली टेबलावर होता, आणि मधल्या खोलीत माझ्या टेबलापर्यंत सरळ रेघ ओढली तर मध्ये दोनशे लिटरची दोन पिंपं आणि त्याच्यामागे लोखंडी कपाट. पाणी २.४च्या लहरी शोषून घेतं आणि लोखंड त्यांना परतवून लावतं. म्हणजे राउटर आणि लॅपटॉपच्या मध्ये मीच बंधारा घातला होता. राउटर काढून दाराच्या वर साडेसहा फुटावर फळीवर ठेवला, तारेची लांबी पुरली नशिबाने, आणि टेस्ट १९वरून २६ झाली, एक पैसा खर्च नाही. वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली असेल तर तिथे खालचं वायफाय धड पोचणारच नाही, पत्रा म्हणजे भिंतच आहे लहरींना, तिथे वरपर्यंत केबल नेऊन दुसरा छोटा राउटर लावणं हाच खरा उपाय.

गर्दीचं सांगायचं राहिलं. २.४मध्ये आपल्या देशात १ ते १३ अशी चॅनेल आहेत पण शेजारशेजारची चॅनेल एकमेकांत घुसतात, एकमेकांना न भिडणारी तीनच, १, ६ आणि ११. आमच्या गल्लीत घरं भिंतीला भिंत लावून आहेत, लॅपटॉपवर आसपासच्या वायफायची यादी काढली तर २१ नावं आली आणि त्यातली १४ एकट्या ६ नंबरवर. एकाच बोळात चौदा घरांनी एकाच वेळी मोठ्याने बोलावं तसं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ६चं ११ केलं, त्याचा पासवर्ड कंपनीच्या ऑफिसात फोन करून मागून घेतला, दिला त्यांनी. ३४! माझ्या कार्डाला याच्यापेक्षा जास्त जमणार नाही आणि मला याच्यापेक्षा जास्त लागतही नाही.

२० तारखेला जीएसटीआर-३बी होतं. एक दिवस उशीर झाला तरी रोजचे ५० रुपये लेट फी आणि वर व्याज, तेही प्रत्येक कारखान्याला. नऊच्या नऊ रिटर्न दुपारी जेवायच्या आधी झाले.

मग गल्लीत लोक विचारायला लागले, अक्का तुमचं कसं नीट झालं. आमच्या मागच्या घरातल्या मुलाचा लॅपटॉप बघितला, त्याचं दुखणं वेगळंच. राउटरच्या शेजारी ठेवला तर बरा चालायचा, चार पावलं लांब नेला की सिग्नलची एकच काडी. डुलकी बंद करून फरक पडला नाही. भाच्याने फोनवरून शोधलं, काही मॉडेलमध्ये वायफाय कार्डाला अँटेना जोडायच्या दोन जागा असतात आणि पैसे वाचवायला कंपनी आत अँटेना एकच जोडते, आणि लिनक्सचा ड्रायव्हर नेमकी रिकामी जागा धरून बसतो. म्हणजे अँटेना आहे पण ऐकणारा दुसऱ्याच खिडकीशी कान लावून बसलाय. त्यालाही एका ओळीचा उपाय आहे, ड्रायव्हरला सांगायचं की पहिली नको दुसरी अँटेना धर, कोणत्या चिपला काय लिहायचं ते वेगळं असतं त्यामुळे इथे नंबर देत नाही, आधी आपल्या चिपचं नाव बघावं, लिनक्समध्ये एलएसपीसीआय लिहिलं की ते कळतं, यूएसबीवरचं असेल तर एलएसयूएसबी. आता तो पोरगा गच्चीच्या जिन्यात बसून लेक्चर बघतो.

दुसऱ्या एका घरी लॅपटॉपवर उबंटू होतं, तिथे नेट सगळं चांगलंच होतं, फक्त नुकतंच टाकल्यामुळे पाठीमागे अपडेट उतरत होते, आणि उबंटूत स्नॅप म्हणून जे ॲप असतात ते दिवसातून चार वेळा स्वतःहून नवीन काही आलंय का बघतात. ती बाई रोज त्याच वेळी क्लास लावायची. पहिल्या दिवशी सगळे अपडेट एकदा उतरवून टाका, रात्री लावून ठेवा, मग दोन दिवस बघा आणि मगच नेटला नाव ठेवा. अपडेटच स्लो उतरत असतील तर सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये जाऊन जवळचा मिरर, म्हणजे अपडेट देणारा सर्व्हर, निवडता येतो, त्याचा आणि तुमच्या नेटचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि ज्यांच्याकडे काही साईट झटकन उघडतात आणि काही अजिबातच उघडत नाहीत, त्यांनी नेट कंपनीला एमटीयू विचारावा, म्हणजे नेटवरून माहिती ज्या छोट्या पाकिटांत जाते त्यातलं एक पाकीट जास्तीत जास्त किती बाइटचं. युजरनेम पासवर्डवर चालणाऱ्या जोडणीत तो १५००च्या जागी १४९२ लागतो, आठ बाइट त्या जोडणीच्या पाकिटातच जातात, आणि राउटरमध्ये १५०० राहिला तर मोठी पाकिटं वाटेत अडकतात. हे राउटरमध्ये एकदाच नीट करायचं काम आहे, टेक्निशियनचं.

साहेब, हे सगळं मी कॉम्प्युटर शिकून केलेलं नाही, माझं शिक्षण बीकॉम आहे. म्हणूनच मला त्या "सपोर्ट नाही" या दोन शब्दांचं फार लागलं. १९९१ला फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि तोच गाभा आज अँड्रॉइड मोबाईलमध्ये आहे. त्या टेक्निशियनने मला ४८चा आकडा दाखवला तो ज्या अँड्रॉइड मोबाईलवर, त्याच्या पोटात लिनक्सच होतं. घराघरातल्या कितीतरी राउटरमध्ये लिनक्स असतं, आणि आपण ज्या वेबसाईट उघडतो त्यातल्या बऱ्याच लिनक्सच्याच सर्व्हरवर चालतात. त्या पोराला हे कोणी शिकवलंच नसेल, त्याची चूक नाही, त्याला कंपनीने दिवसाला इतक्या कंप्लेंट मिटवायच्या असं सांगितलेलं असणार. चूक शिकवणाऱ्यांची आहे.

म्हणून माझी शहरातल्या सगळ्या नेट कंपन्यांना हात जोडून विनंती आहे. तुमच्या माणसाच्या बॅगेत एक चांगली केबल द्या. ग्राहकाच्या लॅपटॉपला ती लावून, ग्राहकाच्या समोर टेस्ट घ्या, मग वायफायवर घ्या आणि दोन्ही आकडे तक्रारीच्या नोंदीत लिहा. केबलवर चांगलं आणि वायफायवर वाईट असेल तर तसं स्पष्ट सांगा, ग्राहक स्वतः शोधेल पुढचं. राउटर लावतानाच उंचावर लावा, चॅनेल बघून लावा, दहा मिनिटं जास्त लागतील.

ग्राहकांनाही सांगते, राउटरचं पिंग चांगलं येतंय आणि त्याच वेळी ८.८.८.८ला केलेलं पिंग शेकड्यात जातंय किंवा हाका वाया जातायत, तर मात्र दोष बाहेरच्या लाइनीचा आहे, तेव्हा गप्प बसू नका. दोन्हीचा फोटो काढा, तक्रार करा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. ट्राय, म्हणजे फोन-नेट कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या २०१२च्या नियमांप्रमाणे तक्रार नीट मिटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्याला त्या नंबरची गरज लागते. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे नंबर न घेता नुसतं फोनवर भांडून काही हाती लागत नाही.

लॅपटॉप दुकानदारांना एवढंच म्हणते की तुम्ही आमचेच आहात, धंदा करा, पण गिऱ्हाइकाचा जुना लॅपटॉप आधी केबलला लावून बघा. तपासायचे शंभर-दोनशे घ्या, आम्ही आनंदाने देऊ, ते कष्टाचे पैसे आहेत.

आणि आपल्याला एक मागणं आहे. आपल्या पेपरात आठवड्यातून एकदा कोपऱ्यात एवढीशी जागा अशा माहितीला द्या, मराठीत, आपण बोलतो तशा मराठीत. मी जे चार दिवसात शोधलं त्यातलं बहुतेक सगळं इंग्रजीत होतं, भाचा फोनवर होता म्हणून निभावलं. ज्याच्या घरात असा भाचा नाही त्याने काय करायचं? आमच्या गल्लीत निम्म्या घरात तेलुगू बोलतात, काही घरात कन्नड, पण पेपर सगळ्यांकडे मराठी येतो आणि मोठ्याने वाचून दाखवला जातो. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी महिन्यातून एका रविवारी एखाद्या वाचनालयात दोन तास बसायचं ठरवलं तर मी माझी केबल आणि माझी वही घेऊन येईन, वहीत सगळे आकडे तारखेवार लिहिलेले आहेत, लॅपटॉपचं मॉडेल, कार्डाचं नाव, आधीचं पिंग, नंतरचं पिंग. आतापर्यंत सात लॅपटॉप झालेत त्यात. ज्या घराने परत जुनं विंडोज टाकून घेतलं होतं ना, तो मुलगा काल संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन आला होता, रविवारी बसायचं ठरलंय.

आपली एक वाचक,
अशोक चौक परिसर, सोलापूर